सातारा-सांगलीतून यॉटच्या गॅलीपर्यंत: शेफ व्हायचंय, तर सुरुवात कुठून करायची?

कराड, विटा, वाई, तासगाव इकडच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांच्या मोबाइलवर हल्ली एकाच प्रकारचे व्हिडिओ फिरत असतात. पांढरीशुभ्र यॉट, मागे निळंशार पाणी आणि शेफचा कोट घातलेला एखादा तरुण लॉबस्टरवर लोणी सोडतोय. खाली पगाराचा आकडा, तोही युरोत. मग ठरलेला प्रश्न येतो, "सर, डायरेक्ट जाता येतं का?"

भारतीय पासपोर्टवर डायरेक्टचा रस्ता जवळजवळ बंद आहे. युरोपातली किंवा दक्षिण आफ्रिकेतली मुलं फ्रान्समधल्या अँटीबला नाहीतर स्पेनमधल्या पाल्माला जाऊन उतरतात, सकाळी बंदरावर बोटी-बोटींना सीव्ही वाटत हिंडतात. त्याला डॉकवॉकिंग म्हणतात. आपण टुरिस्ट व्हिसावर हे करायला गेलो, तर एक तर तिथे काम करणं बेकायदा, आणि १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर शेंगेन देशांत राहताही येत नाही. कर्ज काढून तिकडे जाऊन हात हलवत परत येण्यापेक्षा वळणाचा रस्ता धरा: हॉटेल, मग क्रूझ किंवा आखात, मग यॉट. चार-पाच वर्षं जातात. विट्या-आटपाडीचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, अनोळखी गावात जाऊन आधी कुणाच्या तरी हाताखाली बसले, दुकान नंतर थाटलं. आपल्या भागाला ही पद्धत नवी नाही.

आधी काम काय आहे ते समजून घ्या

२४ मीटरच्या वरच्या बोटीला ढोबळपणे सुपरयॉट म्हणतात. ३० ते ४० मीटरच्या यॉटवर सहा ते नऊ जणांचा क्रू आणि शेफ एकच. त्याला सोल शेफ म्हणतात. ५० मीटरच्या पुढे हेड शेफसोबत सू-शेफ, म्हणजे त्याच्या हाताखालचा शेफ, किंवा क्रूचं जेवण बघणारा क्रू शेफ येतो. भाड्याने जाणाऱ्या, म्हणजे चार्टर यॉटवर पाहुणे साधारण १२ च्या वर नसतात, कारण त्यापुढे बोटीला प्रवासी जहाजाचे नियम लागू होतात. म्हणजे तुमच्या एकट्याच्या हातावर जेवणारी माणसं वीसेक. आकडा ऐकून हसू येईल; आपल्याकडे गावजेवणाला हजार पानं उठतात. पण इथे ही वीस माणसं दिवसभर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळं खातात.

दिवस कसा जातो ते बघा. सकाळी साडेसहाला ब्रेड ओव्हनमध्ये. क्रूचा नाश्ता. पाहुणे आठपासून अकरापर्यंत जसे उठतील तसे एकेक येतात आणि प्रत्येकाला अंडं वेगळं हवं असतं. बाराला क्रूचं जेवण, दीडला पाहुण्यांचं. चारच्या सुमारास कुणीतरी सांगत येतं, की आजचं जेवण किनाऱ्यावर करायचंय. सहाला क्रूचं रात्रीचं जेवण, सातला मुलांचं, नऊला मोठ्यांचं, आणि शेवटची बशी साडेअकराला धुवायला जाते. सागरी कामगार करार (एमएलसी) या आंतरराष्ट्रीय नियमावलीने २४ तासांत किमान १० तास विश्रांती सांगितली आहे. भर चार्टरमध्ये ती कागदावर नीट दिसते, एवढंच म्हणतो.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत दिसत नाही. शेफ बोटीवर टिकतो तो क्रूच्या जेवणावर. पाहुणे आठवड्याने जातात, कॅप्टन आणि डेकवरची मुलं महिनोन्‌महिने तुमच्याच हातचं खातात. त्यांना रोज उरलंसुरलं वाढणारा शेफ प्लेट कितीही सुंदर सजवत असला, तरी पुढच्या सीझनला दिसत नाही.

पायरी १: हात तयार करा

बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटची पदवी चांगलीच. पुण्यात शिवाजीनगरला राज्य सरकारची संस्था आहे, मुंबईत दादरला आणि गोव्यात आयएचएम आहे. पण तेवढे पैसे किंवा वर्षं नसतील, तर आयटीआयचा फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेडही चालतो. यॉटवर तुमची डिग्री कुणी विचारत नाही, ट्रायलला काय शिजवलं ते विचारतात.

पहिली नोकरी महाबळेश्वर-पाचगणीला धरली तरी बिघडत नाही. सीझनला तिथे गुजराती पाहुण्यांसाठी जैन जेवण, कांदा-लसूण वगळून सात भाज्या, वेळेत आणि चवीत काढावं लागतं. ही सवय पुढे सोनं आहे. परदेशी शेफला कांदा-लसूण नाही म्हटलं की घाम फुटतो. मात्र तिथे रमू नका. वर्षभरात पुणे, मुंबई किंवा गोव्याच्या मोठ्या हॉटेलात जा आणि एकाच सेक्शनला चिकटून बसू नका. सॉस, गार्ड-मांजे म्हणजे थंड पदार्थांचा विभाग, बेकरी, पेस्ट्री, सगळीकडे फिरा. सोल शेफला पेस्ट्री शेफ नसतो आणि समुद्रात बेकरीवाला येत नाही. रोजचा ब्रेड, वाढदिवसाचा केक, सगळं तुमच्यावर.

मासळी ही आपल्याकडच्या मुलांची कच्ची बाजू. रोहू-कटल्यावर शिकलेला हात सी-बासवर अडखळतो. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आंबा घाट उतरला की रत्नागिरी. सुट्टीच्या दिवशी बंदरावर जाऊन एखाद्या मावशीच्या शेजारी बसा, पापलेट, सुरमई, मोडोसा साफ करायला मागा, शेवंड कशी सोलतात बघा. काट्यावर मांस न राहता फिले निघायला लागला, की मग पुढचं बोलू.

आता थोडं नाजूक. घरात माळ असेल, श्रावण पाळत असाल, मांसाहार वर्ज्य असेल, तर आधी स्वतःशी स्पष्ट व्हा. या कामात गाईचं आणि डुकराचं मांस, शिंपले, कालवं हाताळावी लागतात आणि चाखावीही लागतात. न चाखता स्टेक देणारा शेफ कॅप्टनला नको असतो. राज्यात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी असल्यामुळे बीफवरचा सराव इथे होणारही नाही. तो क्रूझवर होतो. हे जमणार नसेल, तर त्यात कमीपणा नाही. भारतीय श्रीमंत कुटुंबांना दुबईत, लंडनमध्ये, बोटीवरही शुद्ध शाकाहारी शेफ लागतात. तो बाजार लहान आहे, पण स्पर्धाही कमी. फक्त मुलाखतीत लपवू नका.

पायरी २: कागद

इथे क्रम चुकला की महिने जातात.

सर्वात आधी पासपोर्ट. आपले दोन्ही जिल्हे पुणे पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. दहावी पास असाल, तर प्रमाणपत्र जोडा, म्हणजे इमिग्रेशन तपासणीची अट लागत नाही. आणि नाव! दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव अर्धं, आणि गावाकडच्या दाखल्यात 'पाटील' आहे की 'पवार-पाटील' हा वेगळाच घोळ. पुढचा प्रत्येक सागरी कागद पासपोर्टवरच्या नावाने निघतो. म्हणून आधी सगळीकडे एकच नाव करून घ्या, लागलं तर गॅझेट करा.

मग डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावरून इंडॉस नंबर, म्हणजे खलाशाचा नोंदणी क्रमांक. हा नंबर मिळाला, की एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण-नियमांचे, मूलभूत कोर्स: समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षितता आणि जबाबदाऱ्या, शिवाय जहाजाच्या सुरक्षेचा एक कोर्स. मुंबई-नवी मुंबईत मान्यताप्राप्त संस्था आहेत, साधारण दोन आठवड्यांत उरकतात. जीव वाचवण्याचा आणि आगीचा कोर्स दर पाच वर्षांनी ताजा करावा लागतो. लाइफ जॅकेट घालून पाण्यात उडी मारावी लागते. कृष्णेत डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना काही वाटणार नाही. बाकीच्यांनी महिनाभर आधी तलावावर जावं.

त्यानंतर सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक. तुम्ही कोणत्या जहाजावर कधी चढलात आणि उतरलात, याच्या नोंदी यात होतात. दुसरा पासपोर्ट समजून जपा.

वैद्यकीय तपासणी दोन प्रकारची असते. भारतीय कागदांसाठी डीजी शिपिंगने मान्य केलेल्या डॉक्टरांची. ब्रिटिश किंवा केमन आयलंड्ससारख्या ध्वजाच्या, म्हणजे तिथे नोंदलेल्या, यॉटवर ईएनजी-१ नावाची तपासणी मागतात. ती ब्रिटिश सागरी यंत्रणेने मान्य केलेल्या डॉक्टरांकडेच होते, यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. ही नोकरी नक्की होत आली की करा, उगाच आधी पैसे घालू नका.

शिप्स कुकच्या प्रमाणपत्राबद्दल बरेच गोंधळतात. सागरी कामगार करारानुसार दहा किंवा जास्त क्रू असलेल्या व्यावसायिक बोटीवर पात्रताधारक कुक लागतो. लहान यॉटवर आणि फक्त मालकाच्या खासगी वापरातल्या यॉटवर ही सक्ती नसते. म्हणून सुरुवातीलाच त्यामागे धावायचं कारण नाही. अन्नसुरक्षेचं लेव्हल २ प्रमाणपत्र मात्र लगेच करून ठेवा.

पायरी ३: पहिलं पाणी

क्रूझची नोकरी ग्लॅमरची नाही. केबिन दोघांत किंवा चौघांत, करार सहा ते नऊ महिन्यांचा, कॉमीला, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरच्या शेफला, बटाटे सोलण्यापासून सुरुवात. पण तीन गोष्टी मिळतात ज्या विकत मिळत नाहीत: सीडीसीवर नोंद, पासपोर्टवर अमेरिकेचा क्रू व्हिसा आणि स्वच्छतेची सवय. अमेरिकन बंदराला लागलं, की तिथलं आरोग्य खातं अचानक तपासणीला येतं. क्रूच्या बोलीत त्याला 'यूएसपीएच' म्हणतात. १०० पैकी ८५ किंवा कमी गुण म्हणजे नापास. फ्रिजचं तापमान ५ अंशांच्या वर गेलं, पोछ्याचा फडका चुकीच्या बादलीत गेला, की गुण जातात. ज्याने हे दोन करार काढले, त्याच्या हाताखालचा ओटा बघितला तरी कॅप्टनला कळतं.

दुसरी वाट आखाताची. दुबई-अबुधाबीत एखाद्या कुटुंबाकडे घरचा शेफ म्हणून लागायचं. अशा घरांपैकी बऱ्याच जणांची बोट असते, आणि घरचा शेफ आवडला की त्यालाच बोटीवर नेतात. ही वाट ओळखीवर चालते, त्यामुळे हॉटेलातल्या जुन्या शेफशी फोन चालू ठेवा.

मुंबईत गेटवेला काही तासांसाठी भाड्याने जाणाऱ्या बोटी असतात. तिथे जेवण बहुतेक बाहेरून येतं, त्यामुळे सीव्हीवर त्याचं वजन नाही. पण बोट लागते का, हे कळायला एक-दोन फेऱ्या मारा. तापोळ्याच्या शिवसागरात पोट ढवळलं नाही म्हणजे समुद्रात ढवळणार नाही, असं मात्र समजू नका.

पायरी ४: घरी एक चार्टर काढा

हे मी सगळ्यांना करायला लावतो. क्रूझवरून सुट्टीला आलात, की घरच्या आठ माणसांना सलग सात दिवस जेवू घाला. एकही पदार्थ पुन्हा नाही. बाजार एकाच फेरीत, कराडच्या नाहीतर सांगलीच्या मंडईतून, मधे दुकानात पळायचं नाही. एक फ्रिज, दोन शेगड्या. पाचव्या दिवशी कोथिंबीर काळी पडते, पालेभाजी आधी संपवायची होती हे लक्षात येतं, आणि साठवण म्हणजे काय ते समजतं.

वर एक कागद तयार करा. चार्टरच्या आधी पाहुणे आपल्या आवडीनिवडींचा तक्ता भरून पाठवतात, त्याला प्रेफरन्स शीट म्हणतात. नमुना असा: यजमानांना लाल मांस नको. बाईंना ग्लुटेन चालत नाही. आठ वर्षांचा मुलगा लोणी लावलेला पास्ता सोडून काही खात नाही. एका पाहुण्याला शेंगदाणे आणि तीळ यांची ॲलर्जी.

आता आपलं स्वयंपाकघर बघा. दाण्याचं कूट आपला हात न विचारता भाजीत टाकतो. कांदा-लसूण मसाल्यात तीळ असतात. फोडणीला मोहरी, आणि युरोपने ज्या १४ ॲलर्जींची यादी केली आहे त्यात शेंगदाणे आणि तिळाबरोबर मोहरीही आहे. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. म्हणजे ग्लुटेन नको म्हणणाऱ्या बाईंच्या वरणात ते गेलं. इतकंच काय, तासगावचा हिरवा-सोनेरी बेदाणासुद्धा. त्याला रंगासाठी गंधकाची धुरी देतात आणि सल्फाइट त्याच यादीत येतं. घरात रोज वापरतो म्हणून हे आपल्या डोळ्यांना दिसत नाही. सात दिवसांत प्रत्येक पदार्थापुढे त्यातली ॲलर्जीची जिन्नसं लिहायची सवय लावा. बोटीवर किनारा आठ तास लांब असतो, तिथे 'थोडंसंच होतं' चालत नाही.

भारतीय जेवण किती दाखवायचं? पाहुण्यांपुढे कुणी मागेपर्यंत नाही. भूमध्य समुद्रावरच्या चार्टरला हलकं, ताजं, भरपूर मासे आणि सॅलड असं जेवण चालतं. इटालियन, फ्रेंच, थोडं जपानी यायलाच हवं. पण क्रूच्या मेसमध्ये आठवड्यातून एक दिवस आपला. सातारी पद्धतीचं मटण, ज्वारीचं पीठ मिळालं तर भाकरी, नसेल तर भात. डेकवरची मुलं वाट बघतात. सांगलीची हळद आणि घरचा मसाला बरोबर न्यायचा, तर सीलबंद आणि लेबल लावून. त्या देशाच्या कस्टम्सचा नियम आधी बघा.

पायरी ५: गॅलीची रीत

बोटीवरचं स्वयंपाकघर म्हणजे गॅली. गॅस बहुधा नसतो, इंडक्शन असतं. गॅसच्या ज्योतीवर तयार झालेल्या हाताला हे पटकन जमत नाही, म्हणून घरी एक इंडक्शन घेऊन त्यावरच सॉस, कॅरॅमल करून बघा. शेगडीभोवती भांडं घसरू नये म्हणून धातूचे कठडे असतात. उंच भांडं घ्या आणि अर्धंच भरा. कापायच्या पाटाखाली ओला फडका किंवा रबरी जाळी. सुरी वापरली की लगेच जागेवर, ओट्यावर कधी ठेवून द्यायची नाही. फ्रिज-कपाटांना खिट्ट्या असतात. बोट निघायच्या आधी प्रत्येक खिट्टी हाताने ओढून बघायची. लाटा असतील त्या दिवशी तळण नाही, उकळता रस्सा नाही. आदल्या दिवशी भाजून ठेवलेलं, थंड, हातात धरून खाता येईल असं.

कचऱ्याचे नियम पाठ हवेत. प्लास्टिक समुद्रात कुठेही टाकता येत नाही. भूमध्य आणि कॅरिबियन समुद्रात उष्टं-खरकटंसुद्धा किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पुढेच, तेही बारीक करून. दंड बोटीला होतो आणि चूक गॅलीवर येते.

पायरी ६: अर्ज, पैसे आणि एजंट

सीव्ही दोन पानांचा. वर फोटो, हसरा आणि दाढी आवरलेली. त्याखाली पासपोर्ट, व्हिसा, एसटीसीडब्ल्यू, सीडीसी यांच्या मुदती, कारण कॅप्टन तेच आधी बघतो. मग कामाचा अनुभव. सोबत १५-२० पदार्थांचे फोटो, स्वतःच्या हातचे आणि दिवसाच्या उजेडात काढलेले. सात दिवसांचा नमुना मेनू, पाहुण्यांचा आणि क्रूचा वेगवेगळा. क्रूचा मेनू जोडणारे फार थोडे, म्हणून तो नजरेत भरतो.

सुरुवात क्रू शेफ किंवा सू-शेफच्या जागेपासून करा. भूमध्य समुद्राचा सीझन मे ते सप्टेंबर, त्यासाठी माणसं मार्चपासून बघतात. कॅरिबियनचा डिसेंबर ते एप्रिल, त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर. क्रूझचा करार अशा बेताने घ्या, की फेब्रुवारीत मोकळे असाल. ट्रायलला 'तुम्हाला हवं ते करा' म्हणाले, तर अवघड काही करू नका. चांगला ब्रेड, एक मासा, एक सॅलड, एक गोड. आणि जाताना ओटा मिळाला होता त्याहून स्वच्छ.

पगार, बाजारात साधारण चालतो तो: क्रू शेफला महिन्याला ३,००० ते ४,००० युरो, ३० ते ४० मीटरच्या बोटीवरच्या सोल शेफला ४,५०० ते ६,५००. राहणं-खाणं बोटीचं. चार्टर यॉटवर वर टिप, ती सगळ्या क्रूत वाटली जाते. आखातातल्या खासगी बोटी याहून बरंच कमी देतात. खातं एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, उघडा, आणि करासाठी वर्षात भारताबाहेर किती दिवस होतात याचा हिशेब सीडीसीवरच्या तारखांसह सीएला दाखवा. खलाशांचं काम पाहणारा सीए मुंबईत शोधा, गावाकडच्या सीएला या नियमांशी रोजचा संबंध नसतो.

शेवटी एजंट. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं सागरी कामगार कराराने बेकायदा आहे. पासपोर्ट, सीडीसी, वैद्यकीय तपासणी एवढाच खर्च तुमचा. भारतात जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी संकेतस्थळावर खुली आहे. कुणी 'दोन लाख द्या, यॉटवर बसवतो' म्हणालं, तर बोटीचं नाव, ध्वज आणि नोंदणी क्रमांक विचारा. बोट खरी असेल तर जहाजांची ठिकाणं दाखवणाऱ्या संकेतस्थळावर सापडते. ती सापडली, तरी सही केलेला करार हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. करारात पगार, सुट्टी आणि परतीचं तिकीट कुणाचं, हे लिहिलेलं हवं. परतीचं तिकीट मालकाने द्यायचं असतं. ते कलम नसेल, तर कॅप्टनला मेल करून आधी घालून घ्या.